घरामागच्या ओळीतली वांगी

माझं तोंड फटकळ. नवीन काही कळलं की समोरच्याला शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. इथं बालाघाटात बायांच्या बैठकीत एक मॅडम सांगून गेल्या, भाजी चिरायच्या आधी वाहत्या पाण्यात धुवा, जमेल तिची सालं काढा, उकडल्यावरचं पहिलं पाणी फेका. आणि वाळवलेल्या भाजीपासून जपून राहा. वाळताना पाणी उडून जातं, फवारलेलं औषध मात्र बरंचसं फोडीतच राहतं.

घरी येताच माहेरी, रामपायलीला, मायला फोन लावला. ती दर उन्हाळ्यात वांग्याच्या फोडी मीठ लावून वाळवायची अन् डबाभर माझ्याकडे धाडायची. बाबा पाठीवर पंप घेऊन वांग्यांवर फवारतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

"माय, आता फोडी धाडू नको. माह्या पोरीले जहर चारू काय?"

"अवं, पण हे वांगे..."

"पण-बिन काही नाही."

"हौ," ती म्हणाली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. दोन उन्हाळे डबा आला नाही. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

यंदा धानाची कापणी चालू असताना माय गेली. तेरवी झाल्यावर सैपाकघर आवरताना फळीवर डबा सापडला, फोडींनी गच्च भरलेला. म्हणजे ती वाळवतच होती. बऱ्याच फोडींना खाचा होत्या. बाबांना विचारलं, हे असं काहून?

"अळीचं भोक सुरीनं कोरून काढे तुही माय. घरामागच्या ओळीतले वांगे हायेत. तिथं तिनं मले कधी पंप नेऊ देला नाही. पोरीसाठी हाये म्हणे."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तू आयकत होती काय?" बाबांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

डबा घेऊन आले. परवा त्यातल्या मूठभर फोडी उकडल्या अन् सवयीनं पहिलं पाणी मोरीत ओतलं. ओतल्यावर लक्षात आलं, त्यात तिच्या हातचं मीठ होतं. तिथंच बसून रडले.

पोरीनं भाजी चाटूनपुसून खाल्ली. मग म्हणाली, "मम्मी, नानीवाली सब्जी इतने दिन क्यों नहीं बनाई?"