गुरुवारची खोली

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जयवंत परब पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापत होते. घाटकोपरच्या टॉवरमधली तळमजल्यावरची ही खोली दर गुरुवारी भजनी मंडळाला मिळे, पण पाच माणसं जमली तरच. मागच्या गुरुवारी तिघेच होते. आजही माणसं कमी पडली तर खोली जाणार होती.

या जागी पूर्वी चाळ होती. गॅलरीत पखवाज वाजला की माणसं हातातलं काम टाकून येत. टॉवर झाला, मेंटेनन्स झेपेना, आणि एकेकानं फ्लॅट विकून कल्याणच्या पुढे घर घेतलं.

त्यांनी टाळकरी प्रीतमला फोन लावला.

"दादानू, आत्ता टिटवाळ्यात उतरलंय. परत फिरलंय तर बायको घरात घेवची नाय. आज तुमीच वाजवा नि तुमीच म्हणा!"

थोड्या वेळानं सेक्रेटरी सुबोध डोकावला. तोही चाळीतच वाढलेला.

"काका, एकटेच? मग हा रियाज झाला. घरी करा ना."

"घरी वाजवला की नोटीस कोण लावतो रे?"

सुबोध हसला. मग म्हणाला, "योगवाल्यांना संध्याकाळचीही वेळ हवीय. गुरुवार त्यांना देतोय. इथलं तुमचं पखवाजाचं कपाटही लागेल त्यांना, उद्याच्या वर्गाआधी."

सुकत आलेली कणीक जयवंतांनी नखानं खरवडून काढली.

योगाचा वर्ग उद्या सकाळी सातला भरतो. त्याआधी पखवाज चौदाव्या मजल्यावर, घरी न्यायचा आहे.