जाळीत अडकलेलं घुंगरू

लेकरू माह्या मांडीवरून कधी उतरलं ते मले समजलंच नाही, आनि घुंगरू वाजलं. ठान्यातल्या बाकड्याच्या त्या टोकाले एक म्हातारी बसली होती. लेकरू रांगत तिच्या पायापाशी गेलं आनि तिचं लुगडं धरून उभं राहाले पाहे. म्हातारीनं मान खाली केली. लेकराच्या तोंडाकडं नाही पाह्यलं तिनं, कमरेकडं पाह्यलं, करदोड्याकडं. तो घुंगराचा आवाज माह्या कानातून आजूनही जाऊन नाही राह्यला.

म्हने, "हे घुंगरू कुठचं वो बाई?"

आतमधी माह्या नवऱ्याले सकाऊनपासून बसवून ठेवलं होतं, आनि ते याच म्हातारीच्या बुड्यापायी.

थांबा, मी उलटंसुलटं सांगून राह्यली. ठानेदारसाहेब आता रिटायर झाले, आपल्या केसायचं पुस्तक लिहून राह्यले. मले म्हने, "ही केस मी काय सांगू, ही तुयी हाय. नावं घेऊ नको, बाकी सांग, मी तसंच छापतो." मी सातवी शिकली, जसं येते तसं सांगतो.

आमचं घर बार्शीटाकळीच्या रोडले. सोमोर नवऱ्याचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान, मांगं आमी. जुन्या गाडीले नव्या मॉडेलचं तोंड बसवाचं काम लय येते. सोमोरची जाळी बदलली का गाडी नवी दिसते. पन नवी जाळी मोठी असते, जुन्या बंपरात मावत नाही. मंग बंपर कापा लागते, गरम हवेनं नरम करून वाकवा लागते, फटी भरा, पुट्टी मारा, घासा, रंग मारा. मी एका बाजूनं धरतो, हे कापतात.

पोळा झाल्यावर एक पांढरी गाडी आली. जाळी फुटलेली, बंपर चिरलेला. गाडीवाला अकोल्याचा, मोठा मानूस. म्हने, "रोही आडवी आली बे." आमच्याइकडं रोह्या, म्हंजे नीलगाई, आडव्या येतातच, कोन इचारते! हे म्हनाले, "भाऊ, अशीच दुसरी टाकू, कापाकापी कायले?" तो म्हने, "नाही, तोंडच बदलून टाक." बदललं.

जुनी जाळी म्या मागून घेतली. मुंगूस कोंबड्या नेऊन राह्यलं होतं, खुराड्याले दार नव्हतं. जाळी धुवाले घेतली तं आतल्या खाच्यात घुंगरू अडकलेलं, लाल लोकरीच्या तुकड्यासंगं. चांगलं पितळी. म्या लोकरीसगट लेकराच्या करदोड्याले बांधलं. नजर लागत नाही म्हनतात, आनि लेकरू कुठं रांगत गेलं ते आवाजावरून समजते. एवढंच डोक्यात आलं, दुसरं काईच नाही.

मंग कोन्या खबऱ्यानं ठान्यात सांगतलं का फुटकी पांढरी गाडी आमच्या दुकानात होती. पोलीस आले. पोळ्याच्या मांगून रोडवर कोनीतरी एक बकऱ्यावाला बुडा उडवला होता. बकरी जागीच मेली, बुडा दवाखान्यात, डोये उघडे ना. तिथं पोलिसायले काळ्या जाळीचा तुकडा सापडला होता. गाडीवाला म्हने, "माही जाळी तं पोळ्याच्या आंधीच बदललेली, तो तुकडा माह्या गाडीचा कसा असन?" माहा नवरा म्हने, "मांगून बदलली." याची जबान आनि त्याची जबान. साहेबानं दोघायले वेगवेगळ्या खोलीत बसवलं.

बाहेर बाकड्यावर मले ऐकू ये.

"पुरावा कापून फेकला ना तू?"

"नाही साहेब."

"मंग जुनी जाळी कुठी हाय? बोल ना बे!"

हे चूप. मले माहीत होतं काहून चूप हायेत. जाळीचं सांगतलं का पोलीस माह्यापर्यंत येतीन.

तेवढ्यात गाडीवाल्याचा मानूस माह्याजोळ येऊन वाकला. म्हने, "वहिनी, नवऱ्याले म्हना, पोळ्याच्या आंधी केलं म्हन. सांजच्याले घरी जेवाले येते." आनि गेला पान खाले. तवाच लेकरू उतरलं मांडीवरून.

म्हातारीनं बोटानं लोकर चाचपली. "हे म्या वळली," म्हने. "आमच्या चांदीच्या गळ्यातलं व्हय. मेली ना वो बकरी ते. म्या पुरा रोड पाह्यला, घुंगरू कुठं गेलं म्हनून."

ओरडली असती तं बरं झालं असतं. उलटं लेकराले मांडीवर घेतलं तिनं, आपल्या पदरानं त्याचं नाक पुसलं, आनि घुंगरू हलवत बसली. तवा माह्या डोक्यात उजेड पडला आनि संगंच डोयापुढं अंधारी आली. रोही तं जंगलातलं जनावर! तिच्या गळ्यात घुंगरू कोन बांधते?

मी लेकराले उचलून पायरीवर आली. सोमोर नाली वाहे. गाठ माह्या बोटात. तोडून फेकलं तं कोनाले समजनार, म्हातारीचे डोये अधू, तिचं कोन ऐकते. दाखवलं तं? जाळी म्याच धुतली, घुंगरू म्याच काढलं. पुरावा लपवला म्हनून मले आत टाकलं तं लेकराले पाजनार कोन? फेकलं तं हे आत. लेकरू खिदळे, त्याले वाटे मी गुदगुल्या करून राह्यली.

मी आत गेली. शिपाई म्हने, "ओ बाई, कुठं घुसून राह्यली?" म्या लेकरू साहेबाच्या टेबलावर नेऊन बसवलं, कागदावर. ते तिथंच मुतलं.

"उचल! उचल ते पोट्टं!"

"साहेब, घुंगरू पाहा."

"काय घुंगरू?"

"जाळीतलं."

"कोनती जाळी?"

"खुराड्याची."

शिपाई हासले. साहेब नाही हासले. खुर्ची सरकवली, म्हने, "बस. पहिल्यापासून सांग."

म्या सांगतलं.

"धुतली काहून?"

"कोंबड्यायले बसवाची होती ना साहेब."

"नवऱ्याले माहीत होतं?"

"जाळीचं माहीत होतं. घुंगरू त्यायले बजारातलं वाटे."

मंग दोन पंच घेऊन पोलीस आमच्या घरी. कोंबड्या सुटल्या, एक शिपाई कोंबडीमांगं पळाला, शेजारपाजार गोळा झाला. साहेबानं रोडवरचा तुकडा जाळीच्या फुटक्या कोपऱ्याले लावला. बराबर बसला. पंचनामा झाला, जाळी आनि घुंगरू सील करून मुद्देमालात गेलं. करदोडा कापतानी लेकरू लय रडलं.

गाडीवाल्याले साहेबानं एकच इचारलं म्हनतात. "जाळी पोळ्याच्या आंधी बदलली ना तुमी? मंग पोळ्याच्या मांगून मेलेल्या बकरीचं घुंगरू तिच्यात कसं गेलं?" त्यानं पानी मागतलं.

ह्यायले सोडलं, साक्षीदार केलं. मलेही केलं. साहेब रिटायर होतानी मले म्हने, "एवढी वर्षं भेलेला मानूस दिसला का मी त्यालेच चोर समजत आलो. त्या दिवशी ठान्यात सगळ्यात जास्त तू भेलेली होती."

मी आजूनही भेतो. बुडा वाचला, पन काठीबिगर चालत नाही. केस कोर्टात हाय, माही साक्ष बाकी हाय. गाडीवाल्याचा तो मानूस दुकानाजोळ गाडी थांबवते, काच खाली करते. "वहिनी, एवढंच म्हना का घुंगरू बजारातलं होतं." हे मान खाली घालून बंपर घासत राह्यतात. सांगजो म्हनत नाही, नको सांगू म्हनत नाही.

मांगच्या बजारच्या दिवशी म्हातारी आली होती. दुसऱ्या बकरीचं घुंगरू घेऊन, नव्या लाल लोकरीत ओवलेलं. "बांध लेकराले," म्हने. लेकरू आता चालते, रोडकडंच पळते. म्या घुंगरू डब्यात ठेवलं. बांधाची हिंमतच होऊन नाही राह्यली. बांधलं तं सारा रोड ऐकीन. नाही बांधलं तं लेकरू कुठं गेलं ते मले ऐकू येनार नाही.

हे पुस्तक वाचनाऱ्या तुमच्यातल्या काही लेकुरवाळ्या बाया असतीन. त्या पायरीवर तुमी असत्या, गाठ तुमच्या बोटात, आत तुमचा मानूस... तं तुमी काय केलं असतं? आनि तो काच खाली करून थांबला असता, तं?