तळ्याआधीचा उतार

२०१४च्या हिवाळ्यात मी माझ्या मेहुण्याला डोंगरातल्या एका गोठलेल्या तळ्यापर्यंत स्कीजवर घेऊन निघालो. पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआला येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मला सहा वर्षांचा अनुभव, म्हणजे माझ्या मते मी अगदी पोहोचलेला!

आदल्या दोन दिवसांत वाऱ्यासकट नवा बर्फ पडला होता. अशा वेळी उतारावरचा बर्फ कधीही सुटू शकतो, म्हणून इथल्या मंडळींचा नियम साधा असतो: एकाला जरी नको वाटलं तरी सगळ्यांनी परत फिरायचं, कारण विचारायचं नाही. हा नियम मीच त्याला गाडीत शिकवला. पण बायकोच्या धाकट्या भावानं जिजाजींना 'नको' म्हणायचं कसं, ते त्याला कोण शिकवणार?

तळ्याच्या अलीकडच्या उतारावर बर्फाच्या आतून धप्प असा आवाज आला, आतला थर खचल्याचा. मेहुणा थांबला. "जिजाजी, तुम्हाला ठीक वाटतंय ना?"

आमच्या घरात 'परत जाऊया' हे असंच म्हणतात. मला कळलं होतं. देवाशप्पथ कळलं होतं. तरी म्हणालो, "अरे, इतक्या लांब येऊन तळं न बघता जायचं? भित्रा कुठला!" वर फोटो काढायचा म्हणून त्यालाच पुढे घातलं.

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणून तो निघाला आणि उतारावरचा बर्फ सुटला. त्याला खाली फरपटत नेऊन बर्फानं कमरेपर्यंत गाडलं, गुडघा पार पिरगाळला. मी वेड्यासारखा बर्फ उपसत होतो, आणि तोच मला म्हणत होता, "जिजाजी, तुम्ही बसा जरा."

बायको थेट हॉस्पिटलात आली. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई, माझीच चूक. जिजाजी नको म्हणत होते, मीच हट्ट केला." ती त्याला फाडफाड बोलली. मी खिडकीतून पार्किंग बघत राहिलो. मला हायसं वाटलं, आणि त्याचीच आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दोन ऑपरेशनं झाली, तरी तो जिना एकेक पायरी करतच चढतो.

पाच वर्षांनी माझी मुलगी पहिल्यांदाच माझ्याबरोबर स्कीइंगला निघाली. मेहुणा खाली बसून तिच्या बुटांचे पट्टे तपासत होता. बायको दारातून म्हणाली, "मामासारखा आगाऊपणा करायचा नाही. बाबा थांब म्हणाले की थांबायचं."

"स्वीट ॲज, आई," मुलगी इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली, म्हणजे 'एकदम ओके'.

मेहुण्यानं वर पाहिलं नाही. दुसरा पट्टा ओढून घट्ट केला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी, तो समोरच होता, बायकोही होती.

मी गाडीची डिकी उघडली आणि मुलीला म्हणालो, "चल, उशीर होतोय."