पोळ्यांच्या डब्यातला फोन

मागच्याच्या मागच्या रविवारी आमच्या चऱ्होलीच्या घरात एक फोन वाजला नाही... आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी केवढी आगाऊ आहे ते कळेल. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे आणि दर रविवारी मित्रांना घरी जमवून टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळते. म्हणजे एकीने गोष्ट सांगायची (ती मी!), बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. आई म्हणते, "घोडे झालात, तरी भातुकली काही सुटत नाही तुमची."

माझी मतं ठाम आहेत. फासे टाकायचं मोबाईल अ‍ॅप म्हणजे शुद्ध फसवणूक... फासा हातात खुळखुळला पाहिजे, घरंगळत सोफ्याखाली गेला पाहिजे, कुणीतरी वाकून तो शोधला पाहिजे! आणि फोन टेबलावर असला की माणूस अर्धाच आलेला असतो.

म्हणून मी नियम काढला. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे फोन आईच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. पण समीरचा फोन डब्यातूनही ठणाणा करायचा. मग मी आतून फॉइल लावलं आणि झाकणाच्या कडेलाही फॉइलची घडी घातली, की आत रेंजच पोचणार नाही.

ट्रायल घेतली तेव्हा स्पीकरवर ती बाई शांतपणे म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी टाळ्या पिटल्या होत्या हो... अक्षरशः टाळ्या.

आमच्यात सगळ्यात भारी खेळतो तो ओंकार. ऋतुजाचा, म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीचा, मावसभाऊ. लातूरकडचा, डिप्लोमा झालेला, भोसरीत खोली घेऊन नोकरी शोधतोय. चाकणच्या एका कंपनीत त्याचा इंटरव्ह्यू झाला होता आणि "फोन करू" म्हणाले होते. घरी त्याने सांगून ठेवलं होतं, या महिन्यात नाही लागलं तर परत येतो.

हे सगळं मला माहीत होतं. तेच तर लागतंय मनाला.

त्या दिवशी डबा फिरत त्याच्याकडे आला, तर त्याने फोन हातातच धरून ठेवला. "माझा राहू देऊ का भाईर? फोन यायचाय एक."

"अरे, रविवार आहे आज! रविवारी कोण नोकरी देतं?" मी म्हणाले. सगळे हसले. तोही हसला आणि मुकाट्याने फोन डब्यात ठेवला. झाकण मीच दाबलं.

खेळ इतका रंगला की विचारू नका. ओंकारचं पात्र म्हणजे एक भुरटा चोर. त्याला किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याला पटवून आत शिरायचं होतं. पठ्ठ्याने बायको, सासू, आजारी म्हैस असं काय काय रचून सांगितलं... आमची हसून हसून पोटं दुखली. वर फासाही त्याला हवा तसाच पडला. मी पहारेकरी होते. मी दार उघडलं.

चहाच्या वेळी डबा उघडला. फोनना रेंज यायला थोडा वेळ लागला, मग ओंकारचा फोन टिंग टिंग करत सुटला. मिस्ड कॉलचे मेसेज. एकाच नंबरचे.

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो सर... नाही सर, रेंज नव्हती... उद्या फर्स्ट शिफ्टला येतो ना सर... बरं. बरं सर." उद्यापासूनच माणूस हवा होता. याचा फोन लागेना म्हणून त्यांनी यादीतल्या पुढच्याला बोलावून घेतलं होतं.

"पण रविवारी कसे काय..." मी पुटपुटले.

"कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असते गं इकडं," ओंकार म्हणाला. साधं सांगितल्यासारखं.

जन्म गेला माझा या भागात! गुरुवारी भोसरीचा रस्ता मोकळा असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आमच्या घरात बाबांचं ऑफिस आणि माझं कॉलेज, सुट्टी म्हणजे रविवार. सगळ्या जगाचा रविवार तोच, असं मी धरूनच चालले होते. ओंकारला ठाऊक होतं, तरी तो माझ्या घरात माझ्या नियमापुढे बोलला नाही. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मी सॉरी म्हणायला लागले आणि रडायलाच आलं. तर उलट तोच मला समजावतोय, "जाऊ दे ना, कामून एवढं मनाला लावून घ्यायलीस? लागंल दुसरीकडं." चहा मात्र त्याने तसाच ठेवला.

मला वाटलं होतं, आता हा काही येत नाही. पण काल आला. चपला काढतानाच म्हणाला, "डबा कुठाय?"

"पोळ्या आहेत त्यात," मी म्हणाले. खरंच होत्या. फॉइल मी त्याच दिवशी ओरबाडून काढलं होतं.

त्याने फोन फाशांशेजारी ठेवला. दोनदा तो उजळला आणि दोन्ही वेळा माझं वाक्य अर्ध्यात तुटलं... एकदा रिचार्जची आठवण, एकदा कसलीशी ऑफर. महिना संपत आलाय.

ओंकार, तू परत आलास त्याबद्दल थँक्यू. तुझ्या जागी मी असते तर आले नसते. फोन मध्येच वाजला की खेळाचा सत्यानाश होतो, हे माझं मत अजूनही तेच आहे... पण एकदा होऊ दे सत्यानाश. वाजू दे रे तो फोन.