फसफसतं, पण गार

प्रयोगशाळेतल्या परिचर बाईंना सगळी शाळा मावशी म्हणे. सव्वीस वर्षं त्या काचेची भांडी धूत होत्या. तेवढीच वर्षं रसायनाचे सर प्रयोगाआधीच फळ्यावर उत्तर लिहून खुर्चीत बसत. भांड्याला हात लावला असता, तर त्यांच्या हाताची मेंदी निघाली असती!

आजही फळ्यावर होतं: सायट्रिक आम्लाच्या द्रावणात खाण्याचा सोडा टाकल्यास फेस येतो, तापमान वाढते.

एका मुलीने मात्र वहीत लिहिलं, तापमान सहा अंशांनी उतरलं. सरांनी तिला दहापैकी शून्य दिलं.

"थर्मामीटर बिघडलंय. एवढं फसफसतंय म्हणजे तापणारच!"

मुलगी रडवेली झाली. "सर, जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी नवे जुळताना परत मिळत नाही. कमी पडते ती पाण्यातूनच ओढली जाते. म्हणून गार."

"मला शिकवतेस?"

मावशींना राहवलं नाही. ताजं द्रावण घेऊन त्यांनी सोडा टाकला आणि फसफसतं चंचुपात्र सरांच्या तळहातावर ठेवलं.

"बघा सर. का हातही बिघडलाय?"

सरांनी गार पात्र टेबलावर ठेवलं. मग त्यांनी फळ्यावरचं 'वाढते' बाहीने पुसून 'घटते' लिहिलं आणि मुलीच्या शून्याआधी एक ओढला. शून्य खोडायचेही कष्ट नकोत.

"कुणाच्या लक्षात येतं, तेच बघत होतो मी."

"सव्वीस वर्षं?" मावशी म्हणाल्या आणि चंचुपात्र धुवायला घेऊन गेल्या.