येळवशीच्या दिवशी डोंगरात

बेंबळीच्या थांब्यावर सकाळची एसटी आली तेव्हा चढणारा मी एकटाच. कंडक्टर ओळखीचा. तिकीट द्यायच्या आधी त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं.

"आप्पा, आज गाव सोडून कुठं? आज येळवस हाय."

"ठावं हाय मला."

"मग?"

"डोंगर बघायला चाललोय. जीपनं."

तो हसला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं गुमान तिकीट दिलं आणि ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. अख्ख्या गाडीत आम्ही तिघं. तीही धाराशिवच्या पुढं जाते की नाही, याचा भरवसा नव्हता.

लांबच्या वाचकांना येळवस (वेळा अमावस्या) काय ते सांगतो. धाराशिव-लातूरकडं हा सण दिवाळीपेक्षा मोठा. मार्गशीर्षाच्या अमावस्येला घराघराला कुलूप लागतं आणि सगळी माणसं रानात जातात. शेतात कडब्याची खोप (झोपडी) घालायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि मग वाटेनं जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. ओळख असो, नसो. लोक एकमेकांच्या शेतात फिरतात, इथं घासभर, तिथं घोटभर. मी कधी फिरलो नाही. माझ्या शेतात खोप पडते, तर मी वाढणारा, खाणारा नव्हे, असं मी आयुष्यभर मानलं आणि तसाच वागलो.

पोरांची आई गेली. गेल्या साली पोरगा-सून पुण्याहून आली आणि कशीबशी येळवस झाली. यंदा पोराला रजा मिळाली नाही. शेत मी नागनाथला बटईनं (पिकाच्या वाट्यावर) दिलंय. तो आणि त्याची बायको सुनीता, कष्टाळू माणसं. आठवड्याखाली नागनाथ घरी आला आणि म्हणाला, "आप्पा, यंदा येळवस आमी करतो. तुमी फकस्त या, बसा, जेवा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझ्याच शेतात मी फक्त यायचं आणि बसायचं, हे शब्द माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

पोराचा फोन आला. "आप्पा, रागावू नका. तुमच्यासाठी जीपच्या सहलीचे पैसे भरलेत. आपल्याच बालाघाटात, डोंगराडोंगरातनं. पाहिजे तो दिवस सांगा."

"येळवशीचा सांग."

"येळवशीचा?" त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "बरं."

असा मी निघालो. पहाटे उठून स्वतः थापलेली भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घेतला होता, म्हणजे कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

येडशीच्या पुढं रस्त्याकडेला एक तंबू आणि त्यासमोर हिरवी जीप उभी होती. उघडी, उंच चाकांची, पाठीवर जादा चाक बांधलेली. गाडी चालवणारा आणि वाट दाखवणारा एकच, दत्ता नावाचा, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा माणूस. मिशीत एखादा पांढरा केस. त्यानं माझं नाव विचारलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तुमीच व्हय तिसरं? तिघं झाल्याबिगर गाडी निघत न्हाय, आप्पा. हे पुण्याचे दोघं होते. तुमी नसता तर आज म्या घरी आसतो. माझ्या आईनं रातभर जागून येळवशीचं उंडं केल्यात."

"तुझ्या आईला कोण उठवायला गेलं होतं?"

"कुणी न्हाय. येळवशीला कोण निजतं?" असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

मागच्या बाकावर पुण्याचे नवरा-बायको बसले. नवरा मोबाइल पुढं धरून सगळं टिपत होता. बाईचं नाव ऋचा. मला दत्ताच्या शेजारी पुढं बसवलं. येडशीच्या अभयारण्यात असली गाडी नेता येत नाही, म्हणून आमची वाट त्याच्या बाहेरून, वाशीच्या अंगाच्या डोंगरातनं होती. थोडा वेळ डांबर, मग मुरूम, मग नुसते दगड.

पहिल्या चढाला गाडीचं नाक असं वर गेलं की समोर आभाळ सोडून काही दिसेना. मागनं ऋचानं विचारलं, "आजोबा, भीती नाही ना वाटत?"

"बाई, असल्याच उतारानं मी भरली बैलगाडी खाली आणलीय."

ते खरं होतं. पण बैल आपल्या अंगच्या शहाणपणानं पाय टाकतो. ही गाडी दत्ता सांगेल तिथं उडी घेत होती आणि माझ्या हाडांना ते आधी कळत नव्हतं. मी पुढची दांडी घट्ट धरली, पण एका हातानं, सहज धरल्यासारखी.

माथ्यावर आलो आणि वारा अंगावर आला. पवनचक्क्यांची पाती डोक्यावरून सूं सूं करत फिरत होती. त्यांच्यापलीकडं डोंगर एकामागं एक उतरत गेलेले. सगळं गवत वाळून सोन्यासारखं, मधी मधी सालईची झाडं, पान नाही, पांढुरकी साल कागदासारखी सुटलेली. धावड्याच्या दाटीतनं वाट आत शिरली तेव्हा फांद्या गाडीला दोन्ही बाजूंनी खरवडत होत्या. दत्तानं एकदम गाडी थांबवली आणि बोट केलं. घळीच्या कडेला एक रोही (नीलगाय) उभा होता, एकटाच, थोराड नर. त्यानं आमच्याकडं बघितलं, घाई केली नाही, आणि आपल्या तोऱ्यात झाडांत निघून गेला.

"कळपात नसतो का हा?" ऋचानं विचारलं.

"म्हातारा झाला की कळप त्याला सोडतो," दत्ता म्हणाला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्याकडं न बघता पुढं म्हणाला, "न्हायतर तो कळपाला सोडत आसंल."

मागं ती दोघं एकमेकांना फोटो दाखवत होती. माणसांच्या गाडीत बसून इतकं एकटं वाटतं हे मला नवीन होतं. घरात एकटं असलं की निदान भिंतींची सवय असते.

डोंगराच्या कडेवर दत्तानं आम्हाला उतरवलं. खाली सगळा मुलूख पसरलेला. ज्वारी पोटरीला (कणीस फुटायला) आलेली, हरभरा गच्च हिरवा, आणि जिथं नजर जाईल तिथं खोपी. खोपीखोपीतनं धूर. बैलगाड्या, ट्रॅक्टर, लुगड्यांचे रंग. एक गाव अगदी पायाखाली होतं, त्याच्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

"हे काय चाललंय सगळीकडं?" पुण्याच्या नवऱ्यानं विचारलं.

मी सांगितलं. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची, ताकाची, लसणाचा वास मारणारी. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळेल ती भाजी, चिंच घालून शिजवलेली. उंडे म्हणजे सजगुऱ्याच्या (बाजरीच्या) पिठाचे उकडलेले गोळे. सांगता सांगता माझा आवाज मोठा झाला होता, ते मला ऋचाच्या तोंडाकडं बघून कळलं.

"मग तुम्ही इथं कसे?" तिनं विचारलं.

"डोंगर बघायला," मी म्हणालो.

दत्तानं घसा खाकरला. "साहेब, ताई, एक इचारतो. ठरलेली वाट या बाजूनं हाय. पण त्या अंगानं उतरलं तर खाली आमचंच रान हाय. वाट जरा खराब हाय. जेवायला चाललं का?"

ती दोघं हरखून गेली. मी म्हणालो, "ठरलेल्या वाटेनं घे."

"आप्पा, दोघं एका बाजूला आन तुमी एकलं."

"मग मी गाडीतच बसतो."

"बसा की," दत्ता म्हणाला.

तो उतार मी विसरणार नाही. खैराची काटेरी झाडी, सुटे दगड, एका ठिकाणी तर गाडी एका अंगावर इतकी कलली की मागच्या दोघांनी मोबाइल सोडून बाक धरला. दत्ता मात्र शीळ घालत होता. तळाला ओढा लागला, पलीकडं त्याचं शेत, खोपीपाशी माणसं उठून हात करत होती. इतका वेळ दगडन् दगड बघून गाडी घालणारा हा माणूस तिथं चुकला. त्याची नजर ओढ्यावर नव्हती, खोपीवर होती. पुढची चाकं काळ्या चिखलात गेली आणि बसली. चारी चाकांचा जोर लावला तशी आणखी खाली गेली.

दत्ताचा भाऊ बांधावरून ओरडला, "रोज लोकास्नी डोंगर दाखवतो आन घरच्या ओढ्यात रुतला."

"ट्रॅक्टर आण की."

"आधी जेव. ट्रॅक्टर कुठं पळून जात न्हाय."

पुण्याची दोघं बूट हातात घेऊन गेली. मी ओढ्याच्या अलीकडं बांधावर बसलो आणि फडकं सोडलं. पलीकडं हसण्याचा आवाज येत होता. भाकरी कोरडी होती.

थोड्या वेळानं एक म्हातारी पाणी तुडवत आली. दत्ताची आई. एका हातात परात, दुसऱ्या हातात आंबिलीचा तांब्या.

"पाव्हणं, हितं एकलेच काय करलालाव?"

"गाडीपाशी कुणी पाहिजे, आक्का."

"चिखलात रुतलेली गाडी कोण नेतंय? घ्या, जेवा."

"म्या दुसऱ्याच्या शेतात येळवस खात न्हाय."

"का? सोवळं हाय व्हय?"

"माझं सवताचं शेत हाय."

"आसंल की. मग आज तिथं कोण वाढलालंय?"

तिनं परात मधी ठेवली आणि ती पलीकडं बसली, पाय लांब करून.

"पोरगं येतंय का न्हाय म्हून सकाळधरनं म्या तोंडात काय घातलं न्हाय. आता तुमी खाईपतोर थांबते. दत्ता म्हणला, तुमच्यापायी त्येला आज गाडीवर जावं लागलं. तेवढं तरी फेडा."

"आक्का, हट्ट करू नका."

"हट्ट कोण करतंय ते खोपीतनं सगळे बघलालेत."

बसलो दोघं. आंबिलीच्या तांब्यावर माशी बसली, तिनं हाकलली. मग तिनं माझ्या फडक्याकडं बघितलं.

"ही भाकर तुमीच थापली."

"व्हय."

"कडा फाटल्यात. पीठ गरम पाण्यात मळाया पायजे हुतं." आणि मला न विचारता तिनं माझ्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. डोळ्यात पाणी आलं तिच्या. "मिरची लई घालता. आता म्या तुमचं खाल्लं. पाव्हणी झाले का न्हाय तुमची?"

"झालात."

"मग आता तुमी माझं खा. फिटंफाट."

मी तांब्या उचलला. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या घरची आंबील प्यालो. लसूण जरा जास्त होता. भज्जीत चिंच बरोबर होती. ती समोर बसून माझी फाटकी भाकर शेवटपर्यंत खात राहिली. कैक दिवसांत माझ्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं.

ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली तेव्हा ऊन कललं होतं. दत्तानं हसत विचारलं, "काय आप्पा, आईनं घातलं का जेवू?"

"न्हाय. म्याच तिला घातलं."

तो आईकडं बघायला लागला. ती म्हणाली, "खरं हाय ते."

येताना आम्ही रस्त्या-रस्त्यानं आलो. पुण्याची बाई झोपली होती. दत्ताचा राग गेला होता. धाराशिवला त्यानं मला बेंबळीच्या गाडीत बसवून दिलं आणि माझ्या हातात आईनं दिलेली तिळाची पोळी ठेवली.

माझं शेत गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. दिवस बुडत होता. रानारानात माणसं कडब्याच्या पेंढ्या पेटवून पिकावरून धावत होती (याला आमच्याकडं हेंडगा म्हणतात). मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि उतरलो. माझ्या खोपीपाशी नागनाथ उभा होता.

"जेवलाव का?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायची सवय नाही मला. "जेवलो. वाशीकडं, एका बाईच्या बांधावर."

त्यानं मान खाली घातली. "लोकाच्या बांधावर जेवलाव, आन हितं न्हाय. दिवसभर लोकं इचारत हुती, मालक कुठं हायत. काय सांगायचं आमी? सुनीतानं तुमच्याआधी कुणाला खीर वाढली न्हाय. शेवटी लोकं तशीच ग्येली."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी समजत होतो, त्यानं मला माझ्या जागेवरून उठवलं. माझ्यावाचून त्याची येळवस अर्धी राहील, हे मनात आलंच नव्हतं.

"वाढ," मी म्हणालो. "खीर वाढ."

सुनीतानं पोतं अंथरलं, बांधाला पाठ आणि खोपीकडं तोंड. पाव्हण्याला तिथंच बसवतात. मी त्या जागी कधी बसलो नव्हतो. माझी जागा खोपीच्या आत, आंबिलीच्या डेऱ्यापाशी. मी आतून भांडी भरून द्यायचो आणि पोरांची आई बाहेर वाढायची. मला तिची पाठ दिसायची, खोचलेला पदर दिसायचा.

सुनीता वाकून खीर वाढत होती. नागनाथच्या हातातल्या पेटत्या पेंढीचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. पाव्हणा पोटभर खातोय का, एवढंच ती बघत होती, दुसरं काही नाही. वाढणाऱ्या बाईचं तोंड तेव्हा कसं असतं, ते पाव्हण्याच्याच जागेवरून दिसतं. म्हणजे पोरांच्या आईचं तसं तोंड सगळ्या गावानं पाहिलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांनी पाहिलं होतं. तिच्या मागं भांडी भरत उभा असलेला मी, तेवढाच ते बघायचा राहिलो होतो.

"आणखी वाढू का, आप्पा?"

पोटात जागा नव्हती. मी ताट पुढं केलं.