दीड गाठीचं अंतर

आमच्या मामाला सगळी गल्ली पायलट म्हणते. त्याचं विमानाची तिकिटं विकायचं दुकान चपलांच्या दुकानाच्या वर आहे. भिंतीवर एक मोठा नकाशा आणि खिळ्याला लटकवलेला गाठी मारलेला दोरा. एक गाठ म्हणजे विमानाचा एक तास. गिऱ्हाईक आलं की मामा दोन शहरांवर दोरा ताणून धरतो आणि डॉक्टरच्या थाटात निदान करतो, "तीन गाठी. एक झोप काढलीत की पोचलात." हेच कॉम्प्युटरवर क्षणात दिसतं, पण त्यानं कोणी हरखत नाही म्हणे.

हा पायलट जन्मात विमानात बसला नव्हता. घाबरट नंबर एक. स्टुलावर चढला तरी पाय लटपटतात, म्हणून दुकानातला बल्बसुद्धा मामी बदलते. गिऱ्हाइकांपुढे मात्र तोंडाचा पट्टा सुरू, "विमान म्हणजे घरचा सोफा हो."

आमचं शहर त्याच्यापासून दीड गाठीवर. माझी आई त्याची थोरली बहीण, तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. तरी वर्षानुवर्षं त्याचं एकच पालुपद, सध्या सीझन आहे. शेवटी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्याची डॉक्टर खात्री देईनात. तिनं फोन लावला.

"परवा दुपारी आत नेणार आहेत. त्याआधी तुझं थोबाड एकदा बघू दे."

"दीड तासाचं तर अंतर, ताई. आलोच."

परवाची दुपार झाली, नर्स व्हीलचेअर घेऊन आली, मामाचा पत्ता नाही. आई कधी केस विंचरायचे म्हणून, कधी बाथरूमला जायचं म्हणून नर्सला थोपवत होती. मी मनातल्या मनात मामाचा उद्धार करत होते. तेवढ्यात स्वारी दारात हजर. शर्टाचा बोळा, डोळे तांबारलेले, पाय सुजून चपलांत मावत नव्हते.

"काय झक्कास प्रवास, ताई. बसलो आणि उतरलो."

आईनं त्याचा चेहरा हातांत धरून डोळ्याजवळ ओढला आणि बराच वेळ बघितला. "मग उशीर का?"

"अगं, मध्ये चहाला थांबलं होतं. ड्रायव्हर उठायलाच तयार नाही."

नर्ससुद्धा थबकली. आई हसत सुटली ती हसता हसता रडायलाच लागली. "गाढवा, रात्रभर बसमध्ये हाडं मोडत आलास ना?"

मामानं मान खाली घातली. मला त्याची दया आली, आणि मघाच्या शिव्या आठवून माझीच लाज वाटली.

"हे बघ," आई खुर्चीत बसत म्हणाली, "मला दिसायला लागलं तर मी तुझ्याकडे राहायला येणार. विमानानं, तुझ्याबरोबर."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर बसनं जाऊ. मला काय, सगळं सारखंच."

दार बंद झालं. मामा बाहेरच्या बाकावर हात जोडून बसला. आयुष्यभर विमान टाळलेला माणूस आता विमानासाठी देवाच्या विनवण्या करत होता.

महिन्याभरानं तो आईला न्यायला आला, तोही बसनंच. परतताना विमानात खिडकी आईला दिली. मामानं डोळे गच्च मिटले आणि तिचा हात पकडून ठेवला.

"खाली नदी दिसतेय रे. आणि रस्त्यावर एवढुशी बस."

"ताई," मामानं डोळे न उघडता विचारलं, "हे चहाला कुठे थांबतं?"